मुलाखतीचे तीनशे मार्क

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझं 'तर मग' आणि 'म्हणजे बघा' जरा कमी केलंय. सगळं नाही गेलेलं.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. पोरगा राज्यसेवेची मुख्य परीक्षा पास झालाय, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, चौथा अटेम्प्ट. त्यानं एकाच आठवड्यात दोन ठिकाणी मॉक इंटरव्ह्यू दिले होते. पहिल्या पॅनेलनं सांगितलं, "आत्मविश्वास छान आहे, असाच ठेव." दुसऱ्या पॅनेलनं सांगितलं, "जरा उद्धट वाटतोस, नम्र हो." उत्तरं जवळपास तीच होती. शर्टही तोच होता. मला म्हणाला, "मामा, तुम्ही जगाचा इतिहास सांगत बसता, मला एवढंच सांगा. हे लोक समोर बसून नेमकं बघतात काय?"

मी त्याला तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. "तू कसा विचार करतोस ते बघतात," वगैरे. फोन ठेवल्यावर माझं मलाच पटलं नाही. म्हणून हा भाग.

सुरुवात करू मुलाखत नव्हती तिथून. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानात साहेब म्हणून यायचं तर परीक्षा द्यायची गरज नव्हती. कंपनीच्या डायरेक्टरांकडे नेमणुकांचा कोटा असायचा. डायरेक्टरानं पुतण्याचं, भाच्याचं, मित्राच्या पोराचं नाव द्यायचं, मग त्या पोरानं हेलीबरीच्या कॉलेजात शिकायचं आणि बोटीत बसायचं. आपल्याकडेही दरबारात कारकून लागायचा तो कुणाच्या तरी शिफारशीनंच, फक्त निदान त्याचं मोडीचं वळण तरी बघायचे. डायरेक्टरांचा भाचा असणं ही तेव्हाची सगळ्यात मोठी पात्रता. (भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही डायरेक्टर का नाही झालात?")

१८५४ मध्ये मेकॉलेच्या समितीनं हे बंद करायला सांगितलं आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. मेकॉलेचं आपल्याकडे नाव निघालं की लोक लगेच दुसऱ्या विषयावर जातात, ते आज बाजूला ठेवा. या परीक्षेमागची कल्पना साधी होती: बापाचं नाव बघू नका, पेपर बघा. अर्थात पेपर कुठले हे बघितलं की कोणासाठी परीक्षा होती तेही कळतं. ग्रीकला ७५० मार्क, लॅटिनला ७५० मार्क, आणि ज्या देशावर राज्य करायचं त्या देशाच्या संस्कृतला ३७५. अरबीलाही ३७५. तरीही, पेपर म्हणजे पेपर. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू, ती परीक्षा पास झाले. नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि पुढे निवृत्त झाले ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून. साताऱ्याच्या श्रोत्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या वेळी पेढ्यांबरोबर सांगता येईल.

आता गंमत इथे सुरू होते. पेपरात हिंदी माणूस पास होऊ शकतो हे कळल्यावरही पेपराबाहेरच्या काही गोष्टी उरतातच. त्यातली एक होती घोडा.

अरविंद घोष. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच इंग्लंडला पाठवलेलं, सगळं शिक्षण तिथलंच. १८९० मध्ये आयसीएसच्या खुल्या परीक्षेत ते अकरावे आले. ग्रीक आणि लॅटिनमध्ये तर इंग्रज पोरांना मागे टाकलं. मग दोन वर्षं केंब्रिजमध्ये प्रोबेशन, कायदा, भाषा, सगळं पार पडलं. शेवटी राहिली घोडेस्वारीची परीक्षा. ती काही ते देऊ शकले नाहीत. पुन्हा संधी दिली, पुन्हा तारीख दिली, गडी हजरच नाही. १८९२ मध्ये त्यांना अपात्र ठरवलं. अरविंदांनी पुढे सांगितलंय की त्यांना ती नोकरी नकोच होती, म्हणून त्यांनी मुद्दाम टाळलं. ते खरं धरू. पण नियम बघा. ज्याला ग्रीकमध्ये एवढे मार्क, त्याला घोड्यावर बसता येत नाही म्हणून परत पाठवता येतं. सरकारचं म्हणणं असं की जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला गावोगाव फिरावं लागतं, त्याला घोडा आलाच पाहिजे. म्हणणं चूक नाही. पण घोडा हा नुसता प्रवासाचा विषय नव्हता. कोण कुठल्या घरात वाढला, हे घोड्यावर बसल्यावर लगेच कळायचं.

आणि मग त्याच लंडनमध्ये दुसरी मुलाखत झाली. सयाजीराव गायकवाड तेव्हा तिथे होते. अरविंद त्यांना भेटले, पगाराचं बोलणं झालं आणि महिना २०० रुपयांवर ते बडोद्याच्या नोकरीत आले. १८९३ च्या सुरुवातीला रुजूही झाले. अरविंदच नंतर हसत सांगायचे की महाराज लोकांना सांगत फिरत, मला आयसीएसवाला माणूस २०० रुपयांत मिळाला! एका दाराला घोडा हवा होता, तो नव्हता. दुसऱ्या दाराला माणूस हवा होता, तो स्वस्तात मिळाला. बडोद्यात ते महसूल खात्यापासून कॉलेजात इंग्रजी शिकवण्यापर्यंत सगळं करत होते. सयाजीरावांची माणसं हेरायची हातोटी मोठी होती. मात्र त्यांनाही पगाराची घासाघीस आवडायची, असं म्हणायला हरकत नाही.

आता येऊ १९१७ ला. हे साल महत्त्वाचं आहे.

पहिलं महायुद्ध चालू होतं. ब्रिटिश सरकारनं वरच्या दर्जाच्या सनदी नोकऱ्यांची परीक्षा कशी असावी हे ठरवायला एक समिती बसवली. अध्यक्ष स्टॅन्ली लीद्स, स्वतः सिव्हिल सर्व्हिस कमिशनर. त्यांनी सांगितलं, लेखी परीक्षेच्या जोडीला एक तोंडी चाचणी ठेवा आणि तिला ३०० मार्क द्या. लक्षात घ्या, तोंडी परीक्षा याआधीही असायची, पण ती विषयाची. ग्रीकचा मास्तर ग्रीकचे प्रश्न विचारणार. लीद्स समितीला ते नको होतं. त्यांना हवं होतं, उमेदवाराशी सर्वसाधारण गोष्टींवर गप्पा माराव्यात आणि त्यातून त्याची तल्लखता, समज आणि बौद्धिक दृष्टी किती आहे हे जोखावं. विषयाचं ज्ञान नाही, माणूस बघायचा.

मला विचाराल तर आजच्या प्रत्येक सरकारी मुलाखतीची आई ती ही शिफारस. आधी घोडा होता, आता गप्पा आल्या. घोड्याचं निदान एक बरं होतं, पडलात की पडलात, सगळ्यांना दिसायचं. गप्पांमध्ये कोण पडला हे फक्त समोर बसलेल्यांनाच दिसतं.

लीद्स समितीच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर उगाच एकतर्फी होईल. पेपर फोडणाऱ्या पोरांचा त्यांना अनुभव होता. पाठांतराच्या क्लासेसना तिकडे तेव्हाही शिव्या पडायच्या, रट्टा मारून मार्क काढणारे आत येतात आणि प्रत्यक्ष माणसाशी बोलायची वेळ आली की बावरतात, ही तक्रार पन्नास वर्षं चालू होती. कलेक्टरला लोकांशी बोलावं लागतं. मग बोलून बघायला नको? प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच की बोलणं कोण जोखणार आणि कशावरून.

आणि हा प्रश्न एका माणसानं खरोखर मोजून बघितला. त्याचा आपल्याशी संबंध आहे, म्हणून जरा थांबतो. सर फिलिप हार्टॉग. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९२९ चा हिंदुस्थानातल्या शिक्षणावरचा हार्टॉग समितीचा अहवाल बीएड केलेल्या सगळ्यांनी पाठ केलेला असतो, तेच हे. १९२६ मध्ये दिल्लीत पब्लिक सर्व्हिस कमिशन स्थापन झालं, म्हणजे आजच्या यूपीएससीचं मूळ, त्याच्या पहिल्या सदस्यांमध्येही हार्टॉग होते. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला बसून उमेदवारांना जोखण्याचा धंदा त्यांनी स्वतः केलेला.

इंग्लंडला परत गेल्यावर हार्टॉग आणि ऱ्होड्स नावाचे संख्याशास्त्रज्ञ यांनी १९३० च्या दशकात परीक्षांचीच परीक्षा घेतली. एकच पेपर वेगवेगळ्या परीक्षकांना दिला तर मार्क किती फिरतात, वगैरे. त्यातच एक मुलाखतीचा प्रयोग होता. सोळा उमेदवार घेतले. परीक्षकांची दोन मंडळं बसवली. दोन्ही मंडळांनी त्याच सोळा जणांच्या वेगवेगळ्या मुलाखती घेतल्या, सनदी परीक्षेसारख्याच, मार्क ३०० पैकी. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या.

पहिल्या मंडळानं ज्याला पहिला नंबर दिला, तो दुसऱ्या मंडळाच्या यादीत तेरावा. दुसऱ्या मंडळाचा पहिला, तो पहिल्या मंडळाकडे अकरावा. दोन मंडळांच्या मार्कांमध्ये सरासरी फरक ३७.

सोळा जणांत तेरावा, बरं का! खरी परीक्षा असती तर पहिल्या खोलीत गेलेला माणूस जिल्हाधिकारी झाला असता आणि तोच माणूस व्हरांड्यातून दुसऱ्या खोलीत वळला असता तर घरी गेला असता. परीक्षक कुणी गल्लीतले नव्हते, अनुभवी मंडळी होती, प्रामाणिक होती. कुणी वशिला लावलेला नव्हता. तरीही हे झालं. माझ्या भाच्याच्या दोन पॅनेलांची गोष्ट ऐकल्यावर मला पहिल्यांदा हार्टॉगच आठवले. नव्वद वर्षांपूर्वी मोजून ठेवलेली गोष्ट सदाशिव पेठेत पोचायला अजून वेळ लागतोय.

अमेरिकेत तर हे त्याच्याही आधी दिसलं होतं. तिथे सरकारी नव्हे, सेल्समन नेमायच्या मुलाखतींवर प्रयोग झाले. १९१५ च्या सुमारास वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञानं, आणि १९२२ मध्ये हॉलिंगवर्थनं. हॉलिंगवर्थच्या प्रयोगात बारा सेल्स मॅनेजरांनी ५७ उमेदवारांना क्रम लावला. एकाच माणसाला एकानं वरच्या टोकाला नेलं, दुसऱ्यानं तळाला बसवलं. एडिसननं यावर भलताच उपाय काढला होता. त्यानं मुलाखत बाजूला ठेवून शंभराहून जास्त सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची यादीच केली. १९२१ मध्ये ती पेपरात छापून आली आणि देशभर लोक आपापल्या घरी उत्तरं देत बसले. आइन्स्टाइन त्या वेळी अमेरिकेत होते. बॉस्टनमध्ये त्यांना कुणीतरी त्यातला एक प्रश्न विचारला, ध्वनीचा वेग किती? ते म्हणाले, पुस्तकात मिळतं ते मी डोक्यात ठेवत नाही. म्हणजे एडिसनच्या कारखान्यात आइन्स्टाइनला नोकरी लागली नसती. असो, हे विषयांतर झालं.

परत आपल्याकडे. स्वातंत्र्य मिळालं, आयसीएसची आयएएस झाली. पेपर बदलले, ग्रीक गेलं. पण मुलाखतीचे मार्क राहिले, आणि तेही तीनशेच. शिवाय १९५७ पर्यंत मुलाखतीत किमान मार्क मिळवणं सक्तीचं होतं. तेवढे मिळाले नाहीत तर लेखीत कितीही असोत, बाद.

१९५० च्या तुकडीत अच्युतानंद दास नावाचे एक उमेदवार होते, बंगालचे. अनुसूचित जातीतले देशातले पहिले आयएएस अधिकारी ते हेच. त्यांच्या मार्कांचे जे आकडे छापून आले आहेत आणि आरक्षणाच्या वादात पुन्हा पुन्हा पुढे येतात, ते असे. लेखीत १०५० पैकी दास यांना ६१३. त्याच परीक्षेत पहिले आलेले मद्रासचे एन. कृष्णन, त्यांना लेखीत ६०२. म्हणजे लेखीत दास पुढे, अकरा मार्कांनी. मग मुलाखत. कृष्णन यांना ३०० पैकी २६०. दास यांना ११०.

बेरीज करा. एकाची ८६२, दुसऱ्याची ७२३. लेखीत पहिल्या आलेल्या माणसाच्या पुढे असलेले दास अंतिम यादीत ४८ वे.

इथे मी थोडा थांबलो होतो रेकॉर्डिंगमध्ये. कारण यावर दोन बाजूंनी घाईनं बोलता येतं. एक बाजू म्हणते, ही सरळसरळ जात. दुसरी बाजू म्हणते, असेल बुवा बोलायला कच्चा. मला विचाराल तर दुसरी बाजू जे बोलते त्यातच उत्तर आहे. 'बोलायला कच्चा' म्हणजे काय? १९५० साली त्या टेबलापलीकडे बसलेल्या लोकांना 'तल्लखता', 'भारदस्तपणा', 'अधिकाऱ्याला शोभेल असं वागणं' हे सगळं कुठून माहीत होतं? इंग्रज साहेबाकडून, क्लबातून, चांगल्या शाळांतून, आपल्या घरातून. त्यांना जो ओळखीचा वाटला तो हुशार वाटला. यात कुणी ठरवून दुष्टपणा केला असेल असं म्हणायचीही गरज नाही. हार्टॉगच्या प्रयोगात मंडळं दोन होती म्हणून फरक दिसला. इथे मंडळ एकच होतं, म्हणून त्यांनी दिलेला आकडा हाच सत्य ठरला. दीडशे मार्कांचा फरक, आणि तो भरून काढायला लेखीत दीडशे जास्त पाडावे लागले असते. १०५० पैकी ६१३ वर असलेला माणूस ते कुठून आणणार?

१९५७ मध्ये किमान मार्कांची अट गेली. नुसत्या मुलाखतीवरून बाद होण्याची सोय तेवढी बंद झाली.

या सगळ्यात एक वेगळी वाट लष्करानं काढली, आणि ती मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडायचे ते जुन्या पद्धतीनंच. वयस्कर अधिकाऱ्यांचं बोर्ड, पंधरा-वीस मिनिटं गप्पा, कुठली शाळा, वडील काय करतात, कुठले खेळ खेळता. झालं काय, की असे निवडलेले बरेच जण प्रशिक्षणात नापास व्हायला लागले. युद्ध चालू असताना हे परवडणारं नव्हतं. म्हणून १९४२ मध्ये नवी मंडळं सुरू झाली, त्यात मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ बसवले. विल्फ्रेड बायन नावाच्या डॉक्टरानं एक युक्ती काढली: आठ-दहा उमेदवारांना एक काम द्यायचं, ओंडका खंदकापलीकडे न्या म्हणायचं, पण नेता कोण हे सांगायचंच नाही. मग लांब उभं राहून बघायचं. कोण ओरडतो, कोण ऐकतो, कोण दुसऱ्याला हात देतो, कोण आपलंच घोडं पुढे दामटतो.

घोडा परत आला बघा! पण या वेळी तो कुणाच्या बापाच्या तबेल्यातला नव्हता. ओंडका सगळ्यांनाच नवा.

१९४३ मध्ये ही पद्धत हिंदुस्थानात आली, डेहराडूनला. आजचं आपलं एसएसबी ते हेच. पाच दिवस चालतं. पंधरा सेकंदांत एक शब्द बघून वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. चित्र तीस सेकंद दाखवतात, मग त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, शेवटचा कागद कोरा. मग मैदान, मग व्याख्यान, मग मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा, तिघं आपापलं वेगवेगळं जोखतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. एकाची चूक दुसऱ्याच्या कागदावरून दिसते. आपल्या सरकारनं १९७७ मध्ये औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली ती यासाठीच, की मराठी पोरं एनडीएच्या लेखीत पास होतात आणि एसएसबीत अडकतात. तिथे शिकलेला माझा एक वर्गमित्र होता. तो सांगायचा, "पहिले सहा महिने आम्हाला फक्त एवढंच शिकवलं की मत मागितलं तर खाली बघू नका." तो खानदेशातल्या लहान गावचा. घरी वडिलधाऱ्यांसमोर खाली बघणं म्हणजे संस्कार. तिथे खाली बघणं म्हणजे आत्मविश्वास नाही. तेच वागणं, अर्थ दोन. म्हणजे ही पद्धतही काही स्वर्गातून आलेली नाही. पण निदान बघणारे तीन आहेत.

बाकीच्या नोकऱ्यांत मात्र एक टेबल, पाच खुर्च्या हेच चालू राहिलं, आणि राज्याराज्यांत मुलाखतीचे मार्क वाढत गेले. का वाढले हे सांगायला नको. लेखीचा पेपर दाखवता येतो, मुलाखतीचा आकडा दाखवता येत नाही.

शेवटी हे कोर्टात गेलं. १९८० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अजय हासिया खटल्याचा निकाल दिला. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रवेश. लेखी १०० मार्कांची, मुलाखत ५० ची. तक्रार अशी की मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटपली आणि त्यात विचारलं काय, तर वडील कोण, राहता कुठे. लेखीत भरपूर मार्क असलेले खाली गेले, कमी असलेले वर आले. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की अशा प्रवेशात मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त मार्क ठेवणं मनमानी आहे. आणि एक फार व्यवहारी गोष्ट सुचवली, की मुलाखत टेपरेकॉर्डरवर घ्या. म्हणजे कुणी आव्हान दिलं तर कोर्टाला ऐकता तरी येईल.

दुसऱ्याच वर्षी लीला धर खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी याची दुसरी बाजू मांडली, आणि ती मला विचार करायला लावते. त्यांचं म्हणणं, शाळकरी पोराचं व्यक्तिमत्त्व अजून घडायचं असतं, तिथे मुलाखतीला फार वजन देऊ नका. पण न्यायाधीश नेमायचा असेल, माणूस वयानं पिकलेला असेल, तर त्याच्याशी बोलून बघण्याला जास्त मार्क ठेवले तर ते लगेच चूक ठरत नाही. राजस्थानच्या न्यायसेवेत मुलाखतीला चौथा हिस्सा होता, तो त्यांनी कायम ठेवला. म्हणजे किती मार्क ठेवायचे हे कशासाठी माणूस हवाय त्यावर.

मग १९८५, अशोक कुमार यादव. हरियाणा लोकसेवा आयोग. ६१ जागांसाठी तेराशेवर उमेदवार मुलाखतीला बोलावलेले! माजी सैनिकांसाठी मुलाखतीचं वजन एक तृतीयांश, बाकीच्यांसाठी २२.२ टक्के. न्यायालय म्हणालं, हे जास्त आहे, यूपीएससीकडे १२.२ टक्के आहेत, तेवढेच ठेवा. हा १२.२ कुठून आला? १९७९ पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला १८०० मार्क आणि मुलाखतीला २५०, एकूण २०५०. करा भागाकार. आज लेखी १७५०, मुलाखत २७५, म्हणजे साडेतेरा टक्के. आपल्या राज्यसेवेनंही आता तेच आकडे घेतलेत. तेव्हाच्या तीनशेंपासून आपण फार लांब आलेलो नाही, पण एकूण बेरीज मोठी झाली म्हणून त्यांचा दात बोथट झाला. २०१६ च्या १ जानेवारीपासून केंद्र सरकारच्या खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांत तर मुलाखतच बंद केली.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. मी त्याला परवा परत फोन केला आणि यूपीएससी आपल्या जाहिरातीत मुलाखतीबद्दल काय लिहिते ते वाचून दाखवलं. ही ज्ञानाची परीक्षा नाही, तर मानसिक तल्लखता, स्पष्ट आणि तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातला समतोल, आवडींची विविधता आणि खोली, नेतृत्व, बौद्धिक आणि नैतिक सचोटी वगैरे. म्हटलं, "यातला पहिला शब्द बघ, तल्लखता. लीद्स समितीनं १९१७ साली हाच वापरला होता."

तो म्हणाला, "मामा, हे सगळं क्लासवाले पाठ करून घेतात आमच्याकडून. तल्लखता कशी दाखवायची त्याची पीडीएफ आहे."

मी म्हटलं, मग मला जे दिसतं ते सांगतो. एक, समोरच्यांना तुझे लेखीचे मार्क माहीत नसतात, त्यामुळे तू तिथे लेखी वाचवायला जात नाहीयेस. दोन, ते आधी बघतात की याच्याशी वीस-पंचवीस वर्षं एका कार्यालयात बसता येईल का, आणि हे ते आपल्याच अनुभवावरून ठरवतात, म्हणून एकाला तू ठाम वाटशील आणि दुसऱ्याला उद्धट. ते तुझ्या हातात नाही. तीन, तुझ्या हातात आहे ते एवढंच की जे माहीत नाही ते 'माहीत नाही' म्हणायचं, आणि तुझ्या गावाबद्दल विचारलं तर पुस्तकातलं न सांगता तुझ्या गावातलं सांगायचं. तुझ्या बाबांनी द्राक्षबाग का काढली हे तुझ्याइतकं त्या टेबलावर कुणालाच माहीत नसणार.

"आणि त्यांना मी उद्धट वाटलो तर?"

मग मी त्याला अजय हासिया आणि टेपरेकॉर्डरची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "टेप असता तर निदान मलाच माझं ऐकता आलं असतं. खरंच उद्धट वाटतो का ते."

त्याची मुलाखत पुढच्या मंगळवारी आहे. शर्ट तोच घालणार म्हणाला.